कागदाला उशिरा ऐकू येतं

जुलैच्या मध्याला गोंदिया जिल्ह्यात रोवणीला जोर येतो. पऱ्ह्यांच्या पेंड्या बांध्यांमध्ये टाकलेल्या असतात, बायांची रांग वाकून चिखलात रोपं खोवत एकेक पाऊल मागे सरकत असते. अशाच एखाद्या बांधीच्या मधोमध, वीत-दीड वीत पाणी उभं असलेल्या जागी, सारसांची जोडी गवत, लव्हाळी आणि हाताशी आलेली धानाची रोपं ओढून ढीग रचायला लागते. ढीग दीड-दोन मीटर रुंद होतो, पाण्याच्या वर येतो, आणि मादी त्यावर बहुधा दोन अंडी घालते. मग महिनाभर नर आणि मादी आळीपाळीने बसतात. जगात उडू शकणाऱ्या पक्ष्यांमध्ये उंचीला सारसाचा पहिला नंबर लागतो. मान ताठ करून उभा राहिला की तो माणसाच्या उंचीला येतो, पंख पसरले की आठ फूट भरतात. एवढा मोठा पक्षी आपलं घर मात्र जमिनीवर, दुसऱ्याच्या शेतात, दुसऱ्याच्या भरवशावर बांधतो.

त्या महिन्यात त्या बांधीच्या मालकाला बरेच निर्णय करायचे असतात. घरट्याच्या जागेची रोपं गेली, ती पुन्हा लावायची की सोडायची? धुऱ्यावरून जाणाऱ्या कुत्र्यांना हाकलायचं का? पाणी सोडून द्यायची वेळ आली तर बांधी कोरडी करायची की थोडं थांबायचं? गादमाशी किंवा तुडतुडे दिसले तर फवारा त्या बांधीतही मारायचा का? भारतातल्या सारसाचं भवितव्य असल्या लहान लहान निर्णयांवर उभं आहे. उत्तर प्रदेशातल्या शेतशिवारात सारसांचा दीर्घ अभ्यास करणारे के. एस. गोपी सुंदर हेच सांगत आले आहेत, की हा पक्षी टिकला तो मुख्यतः शेतीच्या मुलखात, राखीव जंगलांच्या बाहेर. शेतातली लहानसहान डबकी शिल्लक राहिली आणि शेतकऱ्याने त्याला राहू दिलं, म्हणून तो राहिला.

महाराष्ट्रात सारस जवळजवळ सगळे गोंदिया जिल्ह्यात आहेत. शेजारच्या भंडाऱ्यात बोटांवर मोजण्याइतके. बाघ आणि वैनगंगा ओलांडली की मध्य प्रदेशचा बालाघाट जिल्हा लागतो, तिथे आणखी काही. पक्ष्यांना राज्याची सीमा कळत नाही, म्हणून इथली गणना दोन्ही राज्यांत एकाच वेळी होते. जूनमध्ये, पाऊस पडायच्या आधी, तलाव आटून पाणी मोजक्या जागी उरलेलं असतं तेव्हा, पहाटे उजाडण्यापूर्वी माणसं ठरलेल्या तलावांवर आणि नदीकाठच्या मुक्कामाच्या जागी जाऊन बसतात. त्यात वन खात्याचे कर्मचारी असतात, 'सेवा' या गोंदियाच्या संस्थेचे कार्यकर्ते असतात आणि गावातले शेतकरीही असतात. सावन बहेकर आणि त्यांचे सहकारी या कामात दोन दशकं आहेत. त्यांनी काम सुरू केलं तेव्हा जिल्ह्यात मोजकेच सारस दिसत होते.

त्यांच्या कामाची पद्धत मला महत्त्वाची वाटते. घरटं कुणाच्या बांधीत आहे ते शोधायचं, त्या शेतकऱ्याच्या घरी जायचं, ओसरीवर बसायचं, आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत पुन्हा पुन्हा जात राहायचं. हजार लोकांच्या सभेपेक्षा ज्याच्या शेतात घरटं आहे त्या एका माणसाशी बोलणं जास्त मोलाचं, हे त्यांना लवकर उमगलं. शाळांमधून कार्यक्रम झाले, परसवाड्याच्या तलावाकडे पर्यटक येऊ लागले, जिल्हा प्रशासनाने सारस महोत्सव भरवला. पण पाया ओसरीवरच्या बोलण्यानेच घातला. शेतकरी सारसाला आपला म्हणू लागले. आमच्या वावरात यंदा जोडी बसली, हे लोक अभिमानाने सांगतात.

आणि तरीही संख्या घटली. काही वर्षं ती चढत गेली, मग उतरू लागली, आणि अलीकडच्या गणनांमध्ये जिल्ह्यातला आकडा चाळिशीच्या खाली आला आहे.

इथे जरा थांबायला हवं, कारण आपल्याकडच्या पर्यावरणविषयक बोलण्यातली मोठी चूक नेमकी इथे उघडी पडते. 'जनजागृती' म्हटली की शहरातून माहिती निघते, गावात पोहोचते, गावकऱ्याचं अज्ञान दूर होतं आणि निसर्ग वाचतो, असं आपण धरून चालतो. गोंदियात शेतकऱ्याला सांगून झालं होतं. त्याने ऐकलं होतं. पक्षी मरत होते ते दुसऱ्या कारणांनी, आणि त्यातलं एक मोठं कारण त्याच्या डोक्यावरून जात होतं: विजेच्या तारा. सारस जड पक्षी आहे, उडताना चटकन वळू शकत नाही. तलावावरून शेताकडे, शेताकडून नदीकडे तो सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वाटांनी जातो आणि त्या वाटांवर तारा आडव्या आहेत. ११ केव्हीच्या वाहिनीत दोन तारांमधलं अंतर त्याच्या पंखांच्या विस्तारापेक्षा कितीतरी कमी असतं. एक पंख एका तारेला आणि दुसरा दुसरीला लागला की संपलं. शेतकऱ्याचं कितीही प्रबोधन केलं तरी तार जागची हलत नाही.

हे तारांचं गणित तिथल्या शेतकऱ्यांना आणि कार्यकर्त्यांना माहीत होतं. मेलेले पक्षी त्यांनीच उचलले होते. कुठल्या तलावाजवळच्या कुठल्या खांबापाशी धोका आहे हे ते बोट दाखवून सांगू शकत होते. माहिती गावात होती, ती पोहोचायला हवी होती वरती. अखेर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने वर्तमानपत्रातली बातमी वाचून स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली, तेव्हा संरक्षणाचा आराखडा, धोक्याच्या वाहिन्यांवर आवरण घालणं, त्या जमिनीखालून नेणं, पाणथळ जागांची निश्चिती हे विषय सरकारी टेबलांवर आले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयापुढे राजस्थान-गुजरातेतल्या माळढोकाच्या बाबतीतही उच्चदाबाच्या तारांचाच प्रश्न होता. दोन्हीकडे पक्ष्याजवळ राहणाऱ्या माणसांनी पाहिलेली गोष्ट कायद्याच्या भाषेत यायला न्यायालयाची पायरी चढावी लागली.

मला सांगायचं आहे ते हेच. गोंदिया जिल्ह्यात निसर्गाचं ज्ञान खालून वर जातं, आणि अडतं ते वरच्या टप्प्यावर. ज्यांना शिकवायला आपण निघतो त्यांच्याकडे बरंच असतं. ज्यांना शिकण्याची गरज आहे ते टेबलापलीकडे बसलेले असतात, किंवा शहरात असतात.

याचा सर्वांत जुना पुरावा म्हणजे इथले तलाव. नकाशावर गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा पट्टा पाहिला तर निळ्या ठिपक्यांनी भरलेला दिसतो. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत आणि त्यांतले बरेचसे दोन-तीनशे वर्षांपूर्वीचे आहेत. गोंड राजांच्या काळात, तलाव बांधील त्याला जमीन, या आश्वासनावर कोहळी समाजाने ते बांधले. १९०८ सालच्या भंडारा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी कोहळ्यांच्या या कौशल्याची नोंद केली आहे. नवेगावबांधचा विशाल तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं मानतात. डोंगरांच्या मधल्या खिंडी मातीच्या पाळींनी अडवून त्यांनी जवळपास अकरा चौरस किलोमीटरचं पाणी धरलं. पाणी कुठून येईल, किती येईल, माती किती चोपायची, जादा पाणी सांडव्याने कुठे काढायचं, खालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, ते कसं जाईल, हे सगळं ज्यांना येत होतं त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं नाही. पाळ अजून उभी आहे.

पुढे हे तलाव गावच्या मालगुजारांकडे, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे, होते. ही मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली आणि तलाव सरकारजमा झाले. कागदावर त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' असं नाव पडलं, बोलण्यात ते 'मामा तलाव' झाले. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, मासेमारीचा कारभार तिसरीकडे, भोवतालची जमीन महसूल खात्याकडे. तलाव एकच, पण त्याच्याकडे पाहणारी खाती वेगवेगळी. पाटबंधारे खात्याला त्यात घनमीटर दिसतात, मत्स्य खात्याला बोटुकल्यांची संख्या. गाळ साचत गेला, पाण्याचा फुगवटा जिथे पसरायचा तिथे अतिक्रमणं झाली, आणि कडेने बेशरमीची रानटी झुडपं माजली.

मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाला मात्र तलाव पूर्वीपासून सबंध दिसत होता. कुठला मासा कुठल्या गवतात अंडी देतो, पहिल्या पावसात पाण्याचा लोंढा आला की कुठले मासे प्रवाहाविरुद्ध चढून बांध्यांपर्यंत जातात, कमळाच्या पानांखाली काय सापडतं, देवधान हे रानटी धान कुठे उगवतं, हे त्यांच्या रोजच्या पोटापाण्याचं ज्ञान. मत्स्यविकासाच्या योजना आल्या त्या रोहू, कटला, मृगळ यांची बीजं घेऊन, काही ठिकाणी गवत्या मासाही. त्यामागे एक शास्त्र होतंच: हे मासे वेगाने वाढतात आणि बाजारात त्यांना भाव मिळतो. पण तलावातल्या गवताला त्या शास्त्रात फारशी किंमत नव्हती, तो अडथळा धरला गेला. गवत गेलं, त्याबरोबर मरळ, शिंगूर, वाघूर अशा देशी माशांचं घर गेलं. मोठ्या माशांचं बीज दरवर्षी विकत आणावं लागतं. देशी मासे स्वतःहून वाढत होते, फुकट.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने या ठिकाणी उलटा रस्ता धरला. त्यांनी ढिवरांना माहिती देण्याआधी त्यांच्याकडून घेतली. कुठले मासे होते, कुठले गेले, कुठल्या वनस्पती होत्या, त्यांना इथे काय म्हणतात, कुठला मासा कुठल्या वनस्पतीवर अवलंबून आहे, याच्या याद्या ज्येष्ठ मासेमारांबरोबर बसून तयार झाल्या. पतिराम तुमसरे यांच्यासारखे मच्छीमार सहकारी संस्थेतले जाणते त्यात होते. मग शास्त्रीय नावं आली, पाण्याच्या तपासण्या आल्या, आणि दोन्ही एकमेकांशी ताडून पाहिलं गेलं. पुढे निमगावच्या शालू कोल्हे यांच्यासारख्या ढिवर स्त्रिया या कामाच्या पुढे आल्या. मासेमारीच्या सहकारी संस्था पुरुषांच्या, तलाव पुरुषांचा असं मानणाऱ्या समाजात ही गोष्ट सोपी नव्हती.

काम कसं चालतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. उन्हाळ्यात तलाव उतरतो, कडेचा पट्टा उघडा पडतो. आधी बेशरम काढायची. वरवर कापून भागत नाही, कांडं राहिलं तर पुन्हा फुटतं, म्हणून मुळासकट उपटायची आणि काठापासून दूर नेऊन वाळवायची. मग टणक झालेला तळ नांगरून मोकळा करायचा. पावसाचं पाणी थोडं धरलं की ज्या तलावात पाणवनस्पती अजून शिल्लक आहेत तिथून कंद आणि मुळ्यांचे तुकडे आणायचे, आणि बायांनी चिखलात उतरून ते ओळीने लावायचे, अगदी धानाची रोवणी करावी तसे. कोणती वनस्पती काठाशी, कोणती मधल्या खोलीत, कोणती तळाशी, हा क्रम त्यांना ठाऊक असतो. काही तलावांमध्ये गवत्या मासा टाकायचा नाही असं ठरतं. मासे अंड्यावर असतात त्या दिवसांत जाळं टाकायचं नाही, असं ठरतं. वनस्पती आल्या की देशी मासे येतात, मागोमाग पाणपक्षी येतात. आसपासच्या गावांतले ढिवर येऊन पाहतात आणि आपल्या तलावाबद्दल विचारायला लागतात.

इथे कुणी भाषण केलं नाही की भिंत रंगवली नाही. तरी जलपरिसंस्था या विषयाचा असा वर्ग महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी भरला असेल.

नवेगावबांधच्या तलावाने याच्या फार आधी एका वनाधिकाऱ्यालाही असंच शिकवलं होतं. मारुती चितमपल्ली सोलापूरचे, जन्म १९३२ चा. कोइमतूरला वनविद्येचं शिक्षण घेऊन वन खात्यात आले आणि नोकरीत नवेगावबांधला पोहोचले. तिथे त्यांना माधवराव पाटील डोंगरवार भेटले, तलावाकाठी आयुष्य गेलेले आणि पाण्यातला, जंगलातला प्रत्येक आवाज ओळखणारे. चितमपल्लींनी त्यांचं ऋण 'नवेगावबांधचे दिवस' या पुस्तकात आणि इतरत्र मोकळेपणाने सांगितलं. अधिकारी म्हणून आलेला माणूस पाटलांचा, गोंडांचा, ढिवरांचा विद्यार्थी झाला, आणि त्या विद्यार्थ्याने पुढे महाराष्ट्राला जंगल वाचायला लावलं. 'पक्षीकोश' लिहिताना त्यांनी लोकांच्या तोंडची नावं जपली. नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये झालं, नागझिऱ्यासह त्याचा व्याघ्रप्रकल्प २०१३ मध्ये. चितमपल्लींना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला ते सोलापुरात गेले. पुण्या-मुंबईच्या कितीतरी वाचकांना नवेगावबांध माहीत झालं ते त्यांच्यामुळे. मराठीत विज्ञान लोकांपर्यंत नेणाऱ्यांची यादी करताना त्यांचं नाव बहुधा ललित लेखकांच्या रांगेत टाकलं जातं. मला ते पटत नाही. त्यांनी निरीक्षण कसं करावं हे शिकवलं, आणि ज्यांच्याकडून शिकले त्यांची नावं लिहिली.

आता कागदाकडे वळतो. पाणथळ जागांच्या संरक्षणाचे देशाचे नियम २०१७ मध्ये नव्याने झाले. त्यांतल्या व्याख्येत एक वाक्य आहे: खास सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी किंवा मत्स्यपालनासाठी माणसाने बांधलेले जलाशय यातून वगळावेत. दिल्लीत बसून हे वाक्य वाजवी वाटत असेल. गोंदियात ते वाचलं की काळजात चर्र होतं. इथे सारस ज्या तलावांवर उतरतो, ज्यात देवधान उगवतं, हिवाळ्यात जिथे हिमालयापलीकडून बदकं येतात, ते जवळजवळ सगळे तलाव माणसाने बांधले आणि सिंचनासाठी बांधले. तीनशे वर्षं पाणी धरल्यावर ते निसर्गाचे झाले. पण व्याख्येचा अक्षरशः अर्थ लावला तर नियमांचं संरक्षण त्यांना नाही. इस्रोच्या उपग्रह चित्रांवरून सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या दोन लाखांवर पाणथळ जागांची यादी झाली होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्या यादीला संरक्षण दिलं होतं. त्या यादीत आपल्या गावचा तलाव आहे की नाही, हे पाळीवर राहणाऱ्या किती जणांना कुणी सांगितलं? इथे सांगण्यासारखं काहीतरी खरोखर होतं, आणि तेच सांगितलं गेलं नाही. झाडं लावा, पाणी वाचवा हे मात्र वर्षानुवर्षं सांगितलं जातं, तलाव बांधणाऱ्यांच्या वंशजांना.

तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. एवढे मोठे प्रकल्प २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेखाली येतात. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत असावा, जनसुनावणीची सूचना तीस दिवस आधी द्यावी, जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीने अध्यक्षस्थानी बसावं, असं ती अधिसूचना सांगते. स्थानिक भाषेत फक्त सारांश. राखेचं काय होणार, पाणी कुठल्या नदीतून किती उचलणार, वारा कुठे वाहतो, याचा तपशील शेकडो पानांच्या इंग्रजी अहवालात असतो. २०२० मध्ये या अधिसूचनेचा नवा मसुदा आला तो इंग्रजी आणि हिंदीत. तो आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत द्या, असं दिल्ली उच्च न्यायालयाला ३० जून २०२० रोजी सांगावं लागलं. लोकांचं म्हणणं मागवायचं आणि त्यांना कळेल अशा भाषेत कागद द्यायचा नाही, मग ते म्हणणं येणार कुठून?

गोंदियात मराठी पुरेल असंही नाही. बाघ-वैनगंगेच्या बाजूला पोवारी, लोधी आणि हिंदी, सालेकसा, देवरीकडे गोंडी, हलबी, अर्जुनीकडे झाडीबोली. माघी पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला देशभरातले गोंड येतात. झाडं, प्राणी आणि कुळं यांचं नातं त्यांच्या गोत्रांमध्ये बांधलेलं आहे. अशा मुलखात पुण्याच्या मराठीत छापलेलं पोस्टर लावणाऱ्याने ते कोण वाचणार हे आधी पाहावं.

एक गोष्ट मात्र विज्ञानाने वरूनच यायला हवी, आणि ती अजून नीट आलेली नाही. रोवणीच्या दिवसांत वीज पडून माणसं मरतात. देशात दरवर्षी अडीच हजारांहून अधिक मृत्यू विजेने होतात, आणि पूर्व विदर्भात उघड्या बांध्यांत वाकून काम करणाऱ्या बाया त्यात मोठ्या संख्येने असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' हे अ‍ॅप केलं आहे. वीज कुठे पडते आहे, पुढच्या काही मिनिटांत कुठे पडू शकते, हे ते सांगतं. काम उत्तम आहे. पण रोवणीला आलेल्या मजूर बाईचा फोन, असला तर, घरी असतो किंवा धुऱ्यावर पिशवीत असतो. तिला कळायला हवं ते फोनशिवाय कळायला हवं: गडगडाट ऐकू आला की पाण्यातून बाहेर, एकटं उंच झाड टाळायचं, पक्क्या छपराखाली जायचं, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. आणि हे तिला ठाऊक असून भागत नाही. रोवणी गुत्त्याने घेतलेली असते, थांबलं की मजुरी बुडते. म्हणून हे सांगायचं तिच्या मालकाला आणि गुत्तेदारालाही. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून, मंदिराच्या लाउडस्पीकरवरून ही सूचना देता येते. ती कुणी द्यायची हे आधी ठरलेलं हवं.

औषधांचंही तसंच. गादमाशीवर काय मारायचं हे शेतकऱ्याला कृषी विद्यापीठ सांगत नाही, कृषी केंद्राचा दुकानदार सांगतो. गावातला सर्वांत जास्त ऐकला जाणारा विज्ञान-प्रसारक काउंटरमागे उभा असतो. डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो, त्याचा अर्थ विषाची तीव्रता. घेणाऱ्याला तो क्वचित कुणी समजावतो. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर मेले, त्याच्या मागच्या अनेक कारणांत हेही एक होतं. जे विष माणसाला चढतं ते बांधीतल्या गोगलगायी, बेडूक आणि त्यांच्यावर जगणाऱ्या सारसालाही चढतं.

आणि वणवे. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्यातली आग विझवताना तीन हंगामी मजूर गेले. जंगलात आग लावू नका अशी पाटी प्रत्येक नाक्यावर असते. आग का लागते, हे गावाला विचारलं तर उत्तर मिळतं. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला साफ हवा, आणि पाला जाळणं हा सोपा उपाय. झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी अंथरली तर फुलं स्वच्छ मिळतात, माती लागत नाही, भावही बरा येतो, आणि काडी ओढावी लागत नाही. जाळी पुरवणारं वनखातं पाटी लावणाऱ्यापेक्षा जास्त सांगून जातं.

सांगायची जागा तर इथे तयारच आहे. भाऊबीज झाली की गोंदिया-भंडाऱ्यात मंडई भरायला लागतात. गावोगावची पाहुणे मंडळी येतात, धान निघालेलं असतं, हातात चार पैसे असतात. रात्री दंडार, खडीगंमत आणि झाडीपट्टीची नाटकं. ही रंगभूमी दिवाळीपासून होळीपर्यंत चालते, हजारो माणसं रात्रभर बसून पाहतात, आणि दारूपासून हुंड्यापर्यंत सगळे प्रश्न तिने मंचावर आणले आहेत. तलाव, वीज, फवारा हे विषय तिच्या लेखकांना परके नाहीत. त्यांच्याशी कुणी तज्ज्ञाने जाऊन बसायचं आहे, एवढंच. संहिता लिहून त्यांच्या हातात ठेवायची नाही. माहिती द्यायची, प्रश्नांची उत्तरं द्यायची, आणि नाटक त्यांना लिहू द्यायचं.

आणखी एक जागा आहे, मंडईइतकी रंगीत नसलेली. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला लोकांची जैवविविधता नोंदवही करायला सांगितलं आहे. माधव गाडगीळ यांनी ही कल्पना देशात रुजवली तेव्हा त्यांना गावाने स्वतः लिहिलेली वही अभिप्रेत होती. अनेक गावांत ती बाहेरच्या माणसांनी घाईने भरली. अर्जुनी मोरगावच्या ढिवरांच्या याद्या पाहिल्या की कळतं, खरी वही कशी असते: तिच्यात माशाचं स्थानिक नाव असतं, तो कुठल्या महिन्यात कुठे असतो ते असतं, आणि तो कधीपासून दिसेनासा झाला तेही असतं.

येत्या २६ जानेवारीला जिल्ह्यात ग्रामसभा होतील. त्या दिवशी प्रत्येक गावात तीन कागद मोठ्याने वाचले जावेत, मराठीत आणि त्या गावच्या बोलीत. पहिला, आपल्या हद्दीतले सगळे तलाव आणि बोड्या, त्यांचं क्षेत्र, आणि पाणथळ जागांच्या सरकारी यादीत त्यांतले कुठले आहेत, कुठले नाहीत. दुसरा, गावावरून जाणाऱ्या वीजवाहिन्या आणि सारस किंवा दुसरे मोठे पक्षी जिथे मेले ते खांब, गावकऱ्यांनी दाखवलेले. तिसरा, जैवविविधता नोंदवही, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, म्हणजे चुकलं असेल ते तिथल्या तिथे दुरुस्त होईल. दुरुस्तीसह ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे, जिल्हा परिषदेकडे आणि महावितरणकडे जावा, आणि त्याचं लेखी उत्तर १ मेच्या ग्रामसभेत वाचून दाखवावं. जूनच्या गणनेला आणि रोवणीला त्यानंतर जेमतेम महिना-दोन महिने उरतात. तारेवर आवरण चढवायला तेवढा वेळ पुरतो.